रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवताना

जळगावहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागलेली एसटी नेरी सोडून पहूरला येते, तेव्हा तिला आडवा रस्ता भेटतो. जळगाव-छत्रपती संभाजीनगरची वाहतूक आणि पाचोरा-शेंदुर्णीकडून जामनेरला जाणारी वाहतूक इथे एकमेकींना छेदतात. ‘पीजे’ या नावाने ओळखली जाणारी पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे धावत होती तोवर तिचेही स्टेशन इथे होते. पेठ आणि कसबे अशा दोन ग्रामपंचायतींत विभागलेले हे गाव बाजाराचे आणि वर्दळीचे. चौफुलीचे गाव म्हटले की मोटरसायकलचे अपघात आले. भोवती कपाशी म्हटली की फवारणीची विषबाधा आली, बांधावरचा साप आला. बाळंतपणे तर बारमाही. रात्री-अपरात्री हे सगळे ज्या दारात येऊन थांबते, ते पहूरचे ग्रामीण रुग्णालय.

महाराष्ट्रातले ग्रामीण रुग्णालय साधारणपणे ३० खाटांचे असते. त्याच्या वरची पायरी म्हणजे जामनेरचे उपजिल्हा रुग्णालय आणि त्याही वर जळगाव, जिथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पेशंट वर पाठवायचा म्हणजे १०८ ची गाडी मिळायची, रस्ता मोकळा असायचा. तोपर्यंत जे काही करायचे ते वॉर्डात हजर असलेल्या माणसांनी. अशा ठिकाणी रुग्णाचे काय होणार हे औषधांवर, यंत्रांवर आणि पदव्यांवर अवलंबून असतेच. पण माझ्या मते त्याच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट मोजायला हवी: सिस्टरने जे पाहिले ते डॉक्टरपर्यंत किती लवकर आणि किती पूर्ण पोहोचले.

साधा हिशेब करून पाहू. ३० खाटा भरलेल्या असतील आणि डॉक्टरांनी प्रत्येकापाशी तीन मिनिटे दिली तर राऊंडला दीड तास लागतो. सकाळ-संध्याकाळ असे दोन राऊंड झाले तरी एका पेशंटच्या वाट्याला दिवसातली सहा मिनिटे येतात. बाकीचे २३ तास ५४ मिनिटे त्याच्यावर नजर असते ती नर्सची. आता नर्सचा हिशेब. आठवड्याचे तास १६८, एका नर्सची ड्युटी ४८ तासांची. म्हणजे एक जागा अखंड भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात, रजा आणि आजारपण धरले तर चार. कागदावर सात-आठ सिस्टर असल्या तरी रात्रीच्या पाळीत वॉर्ड, लेबर रूम आणि कॅज्युअल्टी मिळून एक, फार तर दोन जणी उरतात. डॉक्टर त्या वेळी क्वार्टरमध्ये असतात, किंवा दिवसभराची ओपीडी, पोस्टमॉर्टेम आणि एमएलसीचे (पोलीस प्रकरणांचे) कागद संपवून नुकतेच आडवे झालेले असतात.

पाहणारी एक आणि ऑर्डर लिहिणारा दुसरा, अशी ही रचना आहे. या दोघांमध्ये जो दुवा आहे त्याला सरकारी दवाखान्यात ‘कॉल’ म्हणतात. सिस्टर कॉल देते, डॉक्टर कॉलवर येतात. कॉल देण्याआधी सिस्टरच्या मनात जे चालते त्यावर कितीतरी जीव टांगलेले असतात. आत्ताच उठवू की अर्धा तास पाहू? मागच्या वेळी एवढ्याशासाठी उठवलं म्हणून नातेवाइकांसमोर बोलले होते. पुन्हा एकदा बीपी घेऊन बघते. त्या अर्ध्या तासात पेशंट कुठल्या कुठे जातो.

बाळंतिणीचे उदाहरण घ्या. प्रसूतीनंतर रक्त जास्त जायला लागले की आधी नाडी वाढते. बीपी बराच वेळ तग धरून राहते, कारण तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून तोल सांभाळते. बीपी खाली आलेली दिसते तेव्हा बरेच रक्त गेलेले असते. म्हणून नाडी ९० वरून ११० वर गेली हे पाहणाऱ्या सिस्टरने त्याच क्षणी बोलायला हवे. ‘बीपी तर नॉर्मल आहे, मग कशाला कॉल दिला?’ असे एकदा ऐकलेली सिस्टर पुढच्या वेळी बीपी पडण्याची वाट पाहते. डॉक्टरांच्या त्या एका वाक्याचा परिणाम काही महिन्यांनी, दुसऱ्याच बाईच्या खाटेवर दिसतो. तिथे त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

हा संकोच फक्त आपल्याकडचा आहे असे नाही. लेनर्ड स्टाईन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६७ मध्ये ‘डॉक्टर-नर्सचा खेळ’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला. त्याचे निरीक्षण असे होते की अनुभवी नर्सला काय करायला हवे ते बहुतेक वेळा माहीत असते. पण ती ते उघड सुचवत नाही, अशा रीतीने बोलते की कल्पना डॉक्टरलाच सुचली असे वाटावे. डॉक्टरलाही तिचा सल्ला हवा असतो, पण मागितला असे दिसू द्यायचे नसते. उघड मतभेद टाळायचा, हा या खेळाचा पहिला नियम. कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात उभे राहिलात तर हे आजही ऐकू येईल. ‘सर, मागच्या वेळी तुम्ही अशा पेशंटला अमुक इंजेक्शन दिलं होतं ना?’ या प्रश्नात सल्ला आहे, पण तो प्रश्नाच्या पदराआड आहे. शांत दुपारी हे चालून जाते. रात्री दोन वाजता, फोनवर, झोपेतल्या माणसाशी असे आडून बोलणे धोक्याचे ठरते, कारण आडून सांगितलेले ऐकणाऱ्याला ऐकू येईलच असे नाही.

स्टाईनच्या लेखाच्या एकच वर्ष आधी चार्ल्स हॉफलिंग यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता. अनोळखी डॉक्टरच्या नावाने वॉर्डातल्या नर्सना फोन जायचा: ‘ॲस्ट्रोटेन’ हे औषध अमक्या पेशंटला २० मिलिग्रॅम द्या, मी आल्यावर सही करतो. बाटलीवर स्पष्ट लिहिलेले होते की कमाल मात्रा १० मिलिग्रॅम. फोनवरून ऑर्डर घेऊ नये असा नियमही होता. गोळ्या अर्थातच निरुपद्रवी होत्या. २२ नर्सपैकी २१ जणी ते औषध घेऊन पेशंटकडे निघाल्या आणि त्यांना वाटेत थांबवावे लागले. नर्स किती आज्ञाधारक असतात याचा पुरावा म्हणून हा प्रयोग अनेक ठिकाणी सांगितला जातो. पण ११ वर्षांनी, १९७७ मध्ये, रँक आणि जेकबसन यांनी तो बदलून पाहिला. औषध ओळखीचे, व्हॅलियम. डॉक्टरचे नाव ओळखीचे. आणि जवळपासच्या सहकारी नर्सशी बोलायला मोकळीक. या वेळी १८ पैकी १६ जणींनी ती जास्तीची मात्रा दिली नाही.

हे दोन प्रयोग एकत्र वाचायला हवेत. औषधाची माहिती आहे आणि शेजारी विचारायला कुणी आहे, एवढे झाले की नर्स ठाम उभी राहते. तेव्हा पहूरसारख्या ठिकाणी रात्रपाळीला एकटी सिस्टर ठेवणे हा नुसत्या कामाच्या ओझ्याचा मुद्दा राहत नाही. ‘अगं, हा डोस मला जास्त वाटतोय, तू बघ बरं’ असे म्हणायला दुसरे माणूस नसते. चुकीला तिथे वाट मिळते.

आपल्याकडे या नात्यावर आणखी थर चढलेले आहेत. नर्सिंग हे परक्याच्या शरीराला हात लावण्याचे, मलमूत्र काढण्याचे काम. सोवळ्याओवळ्याच्या समाजात ते हलके मानले गेले आणि सुरुवातीच्या काळात ते मुख्यतः युरोपीय व ख्रिस्ती स्त्रियांनी सांभाळले. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदनचे काम सुरू केले आणि पुढे तरुण विधवांसह हिंदू घरांतल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सचे शिक्षण घेण्यासाठी पाठवले. तेव्हा त्यांना घरोघरी विरोध सोसावा लागला. डॉक्टर होणे ही प्रतिष्ठा आणि नर्स होणे ही नाइलाजाची वाट, हा भेद तेव्हापासून मुरत आला. देशातल्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात त्याचे आकडे सापडतात. त्या वेळच्या भारतात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर नर्स सुमारे ४३,००० लोकांमागे एक. एका डॉक्टरमागे दोन-तीन नर्स असाव्यात हे सगळ्या जगाचे गणित, आपल्याकडे ते उलटे होते. जिची संख्याच इतकी कमी, तिचा आवाज डॉक्टरांच्या खोलीपर्यंत कुठून जाणार?

त्यात वयाची गुंतागुंत. सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेला मुलगा किंवा मुलगी बंधपत्राचे वर्ष पूर्ण करायला ग्रामीण रुग्णालयात येते. वय चोविसाच्या आसपास. समोरची इनचार्ज सिस्टर त्याच्या आईच्या वयाची, शेकडो बाळंतपणे केलेली. ती त्याला ‘सर’ म्हणते, तो तिला ‘सिस्टर’ म्हणतो, आणि ऑर्डर त्याची चालते. या जोडीचे जमले तर तिच्यासारखी शिक्षक मिळणे कठीण. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ‘सिस्टर, इथली पद्धत मला दाखवा’ म्हणणाऱ्या डॉक्टरला ती काहीच लपवत नाही. मात्र आपले न कळणे झाकायला ज्याने आवाज चढवला त्याला ती फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. आणि वॉर्डात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पुरेसे नसते, कारण काय विचारायचे हेच नवख्याला ठाऊक नसते.

नाते बिघडले आहे हे ओळखायची एक जागा म्हणजे नर्सिंगच्या नोंदी. ‘डॉक्टरांना कळवले’ एवढेच वाक्य पानोपानी दिसू लागते. काय कळवले, किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, काहीच नाही. ती नोंद पेशंटसाठी नसते, उद्या चौकशी लागली तर आपल्या बचावासाठी असते. मी याचा दोष सिस्टरला देणार नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून ११ कोविड रुग्ण दगावले, तेव्हा काही दिवसांतच अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. इमारतीची वायरिंग, अग्निशमनाची यंत्रणा हे काही वॉर्डातल्या परिचारिकेच्या हातातले विषय नव्हेत. निर्णयात वाटा नाही आणि जबाबदारीत मात्र पहिले नाव, असे दिसल्यावर कुठलीही नोकरदार बाई आधी आपला कागद सांभाळेल.

जळगावची जखम तर आपल्या जिल्ह्याची आहे. जून २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, जळगावच्या सरकारी रुग्णालयात दाखल झालेली ८२ वर्षांची एक बाई बेपत्ता झाली आणि काही दिवसांनी, १० जूनला, रुग्णालयाच्याच शौचालयात तिचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. माणसे कमी होती, भीती होती, सगळे मान्य. तरीही मला वाटते की पाळी बदलताना नर्सनी आणि राऊंडला डॉक्टर-नर्सनी मिळून प्रत्येक खाटेपाशी उभे राहणे ही साधी रीत अशाच दिवसांसाठी असते. रिकामी खाट दिसली की ‘इथल्या आजी कुठे आहेत?’ हा प्रश्न आपोआप विचारला जातो. दोघे वेगवेगळे, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या यादीवरून फिरले की तो दुसऱ्याचा प्रश्न होतो.

आता मुद्दा असा की हे बोलणे सुधारता येते का? स्वभावावर सोडले तर नाही. पण वैद्यकशास्त्राने गेल्या पन्नास-साठ वर्षांत काही साधने घडवली आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना फक्त कागद आणि पेन लागते.

मला सगळ्यात आवडणारे साधन लेबर रूममध्ये असते: पार्टोग्राफ. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचे तोंड किती उघडले ते दर काही तासांनी आलेखावर मांडायचे, सोबत बाळाचे ठोके, आईची नाडी, बीपी. त्यावर दोन तिरक्या रेघा असतात. पहिली सावधानतेची, ती तासाला एक सेंटिमीटर या वेगाने चढते. दुसरी तिच्या उजवीकडे चार तासांवर, कृतीची. या रेघा १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी आजच्या झिंबाब्वेत आखल्या. तिथे दूरदूरच्या दवाखान्यांत डॉक्टर नव्हते, सुईणीच बाळंतपणे करायच्या, आणि अडलेल्या बाईला शहरात कधी पाठवायचे हा त्यांचा प्रश्न होता. सावधानतेची रेघ ओलांडली की गाडी बोलवा. कृतीच्या रेघेपर्यंतचे चार तास हे रस्त्यासाठी आणि तयारीसाठी राखलेले. हे वाचताना मला पहूर ते जळगाव हा रस्ताच डोळ्यांपुढे येतो. या कागदाची खुबी अशी की सिस्टरला ‘मला वाटतं, काहीतरी बरोबर नाही’ असे चाचरत म्हणावे लागत नाही. ‘सर, आलेख रेघेच्या उजवीकडे गेलाय’ एवढे सांगितले की पुरते. वाद माणसांत राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने इंडोनेशिया, थायलंड आणि मलेशियात ३५,४८४ प्रसूतींवर याची चाचणी घेतली. १९९४ मध्ये तिचे निष्कर्ष आले: लांबलेल्या प्रसूतींचे प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आले होते. २०२० मध्ये संघटनेने या आलेखाची नवी आवृत्ती काढली. तिच्यात त्या सरळ रेघा नाहीत, कारण प्रत्येक बाईची प्रसूती तासाला एक सेंटिमीटर या चालीने जात नाही हे दरम्यान कळले होते. पण कागदाने नर्सच्या हाती बोलण्याचा आधार द्यायचा, हे तत्त्व तेच राहिले.

दुर्दैवाने आपल्याकडे बरेच पार्टोग्राफ बाळंतपण उरकल्यावर, तपासणीसाठी म्हणून एका दमात भरले जातात. असा आलेख सुंदर दिसतो आणि कुणाच्याही उपयोगाचा नसतो. तो वेळेवर भरला जावा असे वाटत असेल तर डॉक्टरने लेबर रूममध्ये पाय ठेवल्यावर पहिला प्रश्न ‘सिस्टर, आलेख दाखवा’ हा विचारायला हवा. डॉक्टर जे पाहतो तेच वॉर्डात जिवंत राहते.

दुसरे साधन फोनवर बोलण्याचे. अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांतून निघालेली ही पद्धत २००० नंतरच्या काळात कैसर पर्मनंटे या रुग्णालय-संस्थेने नर्स-डॉक्टर संवादासाठी घेतली आणि मग ती जगभर गेली. चार गोष्टी, याच क्रमाने: आत्ता काय घडतेय, मागचे काय, मला काय वाटते, मला तुमच्याकडून काय हवे. आपल्या वॉर्डातल्या मराठीत ते असे होईल:

‘सर, लेबर रूममधून सिस्टर बोलतेय. संध्याकाळी सातला बाळंत झालेल्या बाईला ब्लीडिंग वाढलंय, अर्ध्या तासात दोन पॅड भिजले. तिचं हे चौथं बाळंतपण, आधीच हिमोग्लोबिन कमी. नाडी १२४, बीपी ९०/६०, पोट चाचपलं तर गर्भाशय मऊ लागतंय. मला पीपीएच वाटतोय. ऑक्सिटोसिन दिलंय, दुसरी सलाईन लावतेय. तुम्ही लगेच या, आणि मी १०८ ला फोन करू का तेवढं सांगा.’

सावकाश म्हटले तरी हे पाऊण मिनिटात होते. यातले अवघड वाक्य एकच, ‘मला पीपीएच वाटतोय’, म्हणजे प्रसूतीनंतरचा जादा रक्तस्राव. निदान हा डॉक्टरांचा प्रांत, आपण लक्षणे सांगावीत, असे प्रशिक्षणापासून मनावर ठसलेले असते. म्हणून हे वाक्य म्हणायला शिकवावे लागते आणि ऐकायलाही. ‘निदान करायला तुम्ही डॉक्टर आहात का?’ हा प्रश्न ज्या रुग्णालयात एकदा विचारला गेला तिथे ते वाक्य पुढे वर्षभर कुणी उच्चारत नाही.

फोनवरची ऑर्डर घेताना ती पुन्हा वाचून दाखवणे हाही याचाच भाग. औषधाचे नाव, मात्रा, कुठून द्यायचे, किती वेळाने, सगळे परत म्हणायचे आणि डॉक्टरने ‘बरोबर’ म्हणायचे. घाईत हे वेळखाऊ वाटते. पण ‘पंधरा’ आणि ‘पन्नास’ यांच्यात मोबाइलच्या खरखरीत फारसे अंतर उरत नाही. सकाळी त्या ऑर्डरवर डॉक्टरची सही झाली पाहिजे, सिस्टरने चार वेळा मागे लागल्यावाचून.

खानदेशातल्या पावसाळ्यात ही सगळी जुळणी एकदम कसाला लागते ती साप चावलेल्या पेशंटवर. घोणस चावली असेल तर रक्त गोठायचे थांबते. ते ओळखायची २० मिनिटांची चाचणी सिस्टरच करते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे नळी हलवायची नाही, मग तिरकी करून पाहायचे. रक्त वाहिले तर विष भिनले आहे. प्लास्टिकची नळी चालत नाही, आणि साबणाने धुतलेली काचही फसवते. पहिल्या तीन तासांत दर अर्ध्या तासाने ही चाचणी पुन्हा करायची. डॉक्टर प्रतिविषाच्या दहा कुप्या लिहून देतात, पण सलाईन सुरू झाल्यानंतर अंगावर गांधी उठतात का, ओठ सुजतात का, श्वास अडतो का हे पाहायला पेशंटपाशी उभी असते सिस्टर. तशी प्रतिक्रिया आली तर सलाईन थांबवून ॲड्रेनलिन मांडीच्या स्नायूत द्यायचे असते. तिथे क्वार्टरवरून डॉक्टर येईपर्यंतची पाच मिनिटेही फार होतात. जिथे डॉक्टरने आधीच ठरवून ठेवले आहे की ‘अशी लक्षणे दिसली तर माझी वाट न पाहता इंजेक्शन द्या, मागाहून मी सही करतो’, आणि भरलेली सिरिंज ट्रेमध्ये तयार आहे, तिथे पेशंट वाचायची शक्यता वाढते. मण्यारीचा दंश असेल तर पापण्या जड होणे हे सुरुवातीच्या लक्षणांपैकी एक. झोपेला आलेला माणूस आणि पापणी उचलता न येणारा माणूस यांतला फरक पहाटे तीन वाजता टॉर्चच्या उजेडात ओळखणारी नजर वर्षानुवर्षे घडवावी लागते.

फवारणीच्या विषबाधेत ॲट्रोपिनचे तसेच. छातीतली घरघर थांबेपर्यंत मात्रा वाढवत न्यायची. ती कमी पडली तर माणूस स्वतःच्या फुप्फुसातल्या पाण्यात बुडतो, जास्त झाली तर ताप येतो, बडबड सुरू होते. मात्रा ठरवतो डॉक्टर. पण ती पुरली की जास्त झाली हे तासातासाला सांगणार सिस्टर. इथे दोघांचे काम वेगळे काढताच येत नाही.

सरकारनेही हे हळूहळू ओळखले आहे. प्रसूतीतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी झटक्यांच्या बाळंतिणीला मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, देऊन मगच तिला वर पाठवण्याची मुभा एएनएमना आणि स्टाफ नर्सना मिळाली. २०१४ मध्ये जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला जेंटामायसिन देण्याचे अधिकार एएनएमना मिळाले. या दुसऱ्या निर्णयामागे महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि हेच इंजेक्शन शिकवले. ३९ गावांत केलेल्या त्या कामाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई देणे अनेक डॉक्टरांना पटत नव्हते. आकड्यांनी ते पटवले.

मोठ्या रुग्णालयांचेही आकडे आहेत. विल्यम नॉस आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतल्या १३ मोठ्या रुग्णालयांतल्या अतिदक्षता विभागांचे ५,०३० रुग्ण तपासले. आजाराच्या तीव्रतेवरून एका रुग्णालयात ६९ मृत्यू अपेक्षित होते, झाले ४१. दुसऱ्या एका ठिकाणी अपेक्षेपेक्षा ५८ टक्के जास्त झाले. हा फरक यंत्रसामग्रीने किंवा रुग्णालय शिकवणारे आहे की नाही याने नीट उलगडत नव्हता. विभागातली माणसे, विशेषतः डॉक्टर आणि नर्स, एकमेकांशी किती जुळवून काम करतात, याच्याशी त्याचा अधिक संबंध दिसला. मला हा अभ्यास डॉक्टरांच्या प्रत्येक तुकडीला वाचून दाखवावासा वाटतो. सिस्टरशी नीट वागणे हा सभ्यतेचा विषय आहेच, पण तो उपचाराचाही आहे.

डॉक्टरांची बाजू सोडून हा लेख पुरा होणार नाही. ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी हा सगळ्या बाजूंनी एकटा पडलेला माणूस असतो. तज्ज्ञ नाही, रात्री रक्त नाही, दारात जमाव आणि जमावाच्या हातात मोबाइल. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे आणि तो डॉक्टर-नर्स दोघांनाही लागू आहे, पण रात्री तो कायदा दारात उभा राहत नाही. अशा वेळी डॉक्टरच्या शेजारी कुणी उभे राहत असेल तर ती सिस्टर. नातेवाइकांना समजावते तीच, कारण दिवसभर त्यांनी तिलाच पाहिलेले असते. म्हणून तिच्यावर पेशंटच्या माणसांसमोर ओरडणारा डॉक्टर स्वतःचाच आधार काढून घेत असतो. जिला साहेबच मोजत नाहीत, तिचे ऐकायचे कशाला, असे नातेवाईक त्याच क्षणी ठरवतात.

आणि सिस्टरही कायमची असेल तरच हा आधार टिकतो. मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांची एक मुख्य मागणी होती की भरती खासगी कंपन्यांमार्फत, कंत्राटाने नको. बाहेरून पाहणाऱ्याला ती नोकरीच्या सुरक्षिततेची मागणी वाटली. वॉर्डातून पाहिले तर दिसते की ११ महिन्यांसाठी आलेली मुलगी ‘सर, हा डोस मला बरोबर वाटत नाही’ असे म्हणायचे धाडस कुठल्या भरवशावर करणार?

नवे अधिकार येत आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले, त्यांत नर्सिंगच्या पदवीधरही आहेत. त्याच वर्षी मिडवाइफरीतल्या नर्स प्रॅक्टिशनरची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वे आली. २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा कायदा झाला. यांचे फळ पहूरच्या वॉर्डापर्यंत यायला वेळ लागेल. तोवर करता येण्यासारखी एक गोष्ट रुग्णालयातच आहे. रात्रीची सिस्टर सकाळी आठला पाळी सोडते आणि डॉक्टरांचा राऊंड बहुतेक त्यानंतर असतो. पेशंटला सलग बारा तास पाहिलेले माणूस राऊंडच्या वेळी घराच्या वाटेवर असते, आणि जे पाहिले त्याचा फक्त लेखी सारांश मागे उरतो. वैद्यकीय अधीक्षकांनी ड्युटी चार्ट असा लावावा की वॉर्डातल्या सगळ्यात आजारी तीन-चार पेशंटपाशी रात्रीची सिस्टर, सकाळची सिस्टर आणि डॉक्टर पावणेआठला एकत्र उभे राहतील, आणि पहिले बोलणे रात्रीच्या सिस्टरचे असेल. आठच्या ठोक्याला तिला घरी जाऊ द्यावे, तिची मुले शाळेला निघायची असतात. राऊंड बाकीच्या खाटांकडे पुढे जाईल. यासाठी मंत्रालयातून जीआर यावा लागत नाही, निधी लागत नाही. अधीक्षकांची एक सही पुरते, आणि डॉक्टरला अर्धा तास लवकर उठावे लागते.